मावशीबाईंनी नेसवलेली लक्ष्मी

आमच्या पाटोद्याच्या घरात महालक्ष्म्या नेसवायचा मान माझा होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच झालं.

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांना सांगते. आमच्याकडे भादव्यात ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोन बहिणी माहेरपणाला येतात, तीन दिवस राहतात. पत्र्याच्या कोठ्या गव्हानं भरायच्या, त्यावर साडी नेसवायची, वर पितळेचा मुखवटा बसवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण कोठीला ना खांदा ना कंबर. निऱ्या घसरतात, पदर लोंबतो, आणि एकदा का मुखवटा चढवला की तिसऱ्या दिवसापर्यंत देवीला हलवायचं नाही. जे चुकलं ते चुकलं. येणारीजाणारी प्रत्येक बाई हळदीकुंकू लावता लावता ते बघून जाते आणि पुढच्या घरी जाऊन सांगते.

सासरे गेले त्या वर्षी सासूबाईंनी टाचण्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. "आता तूच बघ," एवढंच म्हणाल्या. सासूबाई कौतुक करणाऱ्यातल्या नव्हत्या. भाकरी चांगली झाली तर मुकाट्यानं खायच्या, करपली तर बोलायच्या. मी त्यांचे गुडघे चोळले, त्यांची पथ्यं सांभाळली, चांगलं म्हणून कधी ऐकलं नाही. पण लक्ष्म्या उभ्या झाल्या की त्या समोर पाट टाकून बसायच्या आणि बघत राहायच्या.  माझं तेवढ्यावर वर्ष जायचं.

आणि मग मावशीबाई आल्या.

ते दिवस असे होते की आमच्या गल्लीत नुकतीच डिशची छत्री बसली होती, चहाच्या टपरीवर काळ्या सरबताच्या बाटल्या दिसायला लागल्या होत्या, आणि ह्यांच्या कापडदुकानात सुरतेच्या चमचमत्या साड्यांचे गठ्ठे यायला लागले होते. दुकानात फोनही नवाच घेतलेला. त्या फोनवर एके दिवशी कोल्हापुराहून कुणी बोललं, की इथं एक म्हातारी बाई आहेत, घरमालक घर पाडून मोठी इमारत बांधतोय, बाईंना कुणी नाही आणि त्या सारखं पाटोद्याच्या बहिणीचं नाव घेतात. ह्यांनी फोन ठेवला आणि आत येऊन आईला म्हणाले, "माय, तुझी आक्का जिती हाय."

सासूबाईंची ही थोरली सख्खी बहीण. लहानपणी सोलापूरला चुलत्याकडे राहायला गेली, आणि तिथं मुक्कामाला आलेल्या नाटक कंपनीबरोबर निघून गेली, एवढंच मला माहीत होतं. निजामाच्या काळातली गोष्ट ही. मोगलाईतल्या वाण्याची पोरगी तोंडाला रंग लावून लोकांपुढं उभी राहते म्हटल्यावर माहेरात तिचं नाव काढायची बंदीच झाली. ह्यांचे मामा तेवढे चोरून एकदा तिला भेटून आले होते, त्यांच्याकडून तिला बहिणीचं गाव कळलेलं.

हे कोल्हापूरला जाऊन तिला घेऊन आले. स्टँडवरून रिक्षा आली तर सासूबाई, ज्यांना मी रोज धरून न्हाणीत नेत होते, त्या कुणाला न धरता पार रस्त्यापर्यंत गेल्या. मी मागं उभी राहून बघत होते.

"आक्का, लई वाळलीस गं."

"आन् तू गं? मी गेले तवा तू उघडी नागडी अंगणात पळत व्हतीस. बरं झालं, लुगडं तरी नेसायला शिकलीस."

दोघी रस्त्यातच हसायला लागल्या. सासूबाईंना तोंड उघडून हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. त्यांच्या मागच्या दाढा पडल्यात हे मला तेव्हा कळलं.

मावशीबाई ऐंशीच्या पुढच्या. काटकुळ्या, ताठ, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गल्लीतल्या बायकांना त्या कुंकवाचं फार पडलं होतं. लग्न कधी केलं, कुणाशी केलं, नवरा आहे का गेला. एकीनं शेवटी विचारलंच, "मावशी, कुंकू कुणाच्या नावाचं?"

"सवय आहे बाई," मावशीबाई म्हणाल्या. "काही रंग लावल्याशिवाय आरशात मला माझं तोंडच दिसत नाही."

त्यांच्या बोलण्याच्या दोन तऱ्हा होत्या. बाहेरच्या माणसाशी एकदम छापील, "या, बसा, आपण कोणाकडच्या?" अशा. बहिणीशी मात्र आपलं 'हाय' आणि 'न्हाई'. पाठ वळवताच बदलायच्या. मी लिंबागणेशची, माहेरापासून सासरापर्यंत एकच बोली घेऊन आले. मला त्यांचं ते बदलणंसुद्धा खुपायचं.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसे तेव्हा मागच्या खोलीत बैठक बसायची. माझी लेक तेव्हा नववीत होती. शाळेतून आली की दप्तर टाकून थेट मावशीबाईंजवळ. मी हाक मारली की म्हणायची, "थांब गं आई, आता गंमत हाय." माझ्या तोंडून ह्या पोरीनं कधी काही इतक्या आवडीनं ऐकलं नव्हतं.

मावशीबाई सांगायच्या, आधी कंपनीत लहान मुलांची कामं केली. ध्रुव, रोहिदास, सगळे राजपुत्र. बायकांची कामं तेव्हा पुरुषच करायचे, त्यामुळे मोठी झाल्यावरही मालक नायिकेचं काम देईना. नायिका झालेला पुरुष मिशी काढून, पदर घेऊन यायचा आणि ह्या त्याची सखी. "मी खरी बाई, पण शोभून दिसायचा तोच," असं म्हणायच्या आणि त्याच्यासारखा पदर सावरून दाखवायच्या. मग मूकपट निघाले. तिथं देव्यांची कामं मिळायला लागली, कारण घरंदाज बायका यायला तयार नव्हत्या.

"पण बोलायचंच न्हाई तर मग करायचं काय?" लेकीनं विचारलं.

"बोलायचो की. ऐकू कुणाला जायचं नाही. एकदा मी मरायला टेकलेय, आणि माझा नवरा झालेला नट माझं डोकं मांडीवर घेऊन ढसाढसा रडतोय. तोंडानं काय म्हणत होता माहितीये? आज जेवायला पुन्हा कारलं केलंय गं, म्हणून. बघणाऱ्या बायकांनी पदर ओले केले."

भर उन्हात काम चालायचं, वर पांढऱ्या कापडाचा मांडव. त्या फिल्मवर तांबडा रंग काळा उमटायचा, म्हणून तोंडाला पिवळट लेप. चेहरा कुठल्या बाजूनं उजेडात धरायचा हे शिकायलाच त्यांना फार दिवस लागले म्हणे. मग बोलपट आले आणि सगळं उलटलं.

"माझा आवाज तंबूतल्या शेवटच्या माणसापर्यंत जाणारा. माईकवाला म्हणायचा, बाई, हळू. हळू बोलले की मला वाटायचं मी खोटं बोलतेय. दोन ठिकाणी घेतलं, दोन्हीकडून काढलं. नाटकात परत गेले तर नाटकवाल्यांचीच गिऱ्हाइकं बोलपटाला पळालेली."

"मंग?"

"मग दुसऱ्यांना साड्या नेसवल्या. नव्या पोरींना नऊवारी कुठं यायचं? उभ्या जन्मात मी कामं केली थोडी आणि नेसवलं जास्त."

 मला त्यांचं नटी असणं एक वेळ चाललं असतं. ती काही माझ्या मुलखातली गोष्ट नव्हती. पण साडी नेसवणं?

मी विचारलं, "मावशीबाई, तुमी नेसवलेल्या पोरी मोठ्या झाल्या. तुमाला वाईट न्हाई वाटलं?"

"वाटलं की. एकीच्या निऱ्या मी अशा घट्ट खोचल्या, की तिला श्वास घेता येईना. म्हणाली, मावशी, जीव जातोय. मग केल्या सैल." आणि माझ्याकडे बघून हसल्या. मला ते हसणं आवडलं नाही. त्यांना माझं सगळं दिसतंय असं वाटलं.

एकदा सासूबाईंच्या पायांना तेल लावत होते. मावशीबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. सासूबाई त्यांच्याकडे बघत आपणहून बोलायला लागल्या. ह्या बाईनं मला कधी आपल्या लहानपणाचं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"आमचे बाप माल आणाया नगरला जायचे. एकदा मला बी गाडीत घेतलं. मला वाटलं बांगड्या घ्यायला चाललाव. तर तंबूतल्या शिनेमाला नेलं. कुणीतरी त्येंना सांगितलं असंल. पडद्यावर लक्षुमी आली. चांगली मान्साच्या दुप्पट. सगळा तंबू उठला, हात जोडले, कुणी फुलं टाकली, कुणी पैसा टाकला. आमचे बाप एकलेच बसलेले. मी म्हन्लं, बाबा, उठा की, लक्षुमी हाय. तर ते उठले. पागोटं काढलं, हातात धरलं. हात काय जोडले न्हाईत त्यांनी. नुस्ते हुभे ऱ्हायले, ती जाईस्तोवर."

"तुमाला कळलं का, ती कोण ते?"

"तवा न्हाई. गाडीत कळलं. बाप सारा रस्ता नाक शिंकरत व्हते."

मी तेल लावत राहिले. बापलेकीचं ऐकून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पण त्याबरोबर असंही मनात आलं, की मी ह्या घरात इतकी वर्षं उभी आहे, चुलीपुढं, दुकानात, ह्यांच्या आजारपणात. माझ्यासाठी कुणी जागचं उठलंय का?

श्रावण संपत आला तसं मी ह्यांच्या गठ्ठ्यातून दोन साड्या निवडून ठेवल्या. एक हिरवी, एक राणी रंगाची, दोन्ही चमकदार, जरीसारखे काठ. तालुक्यात कुणाच्या लक्ष्म्यांना असल्या साड्या नव्हत्या. मनात सगळं ठरलेलं. आणि जेवताना सासूबाई म्हणाल्या, "औंदा ज्येष्ठा आक्का नेसवंल. तू कनिष्ठा नेसव."

भाकरी माझ्या हातातच राहिली.  दुकानात जाऊन ह्यांना धरलं.

"मावशीबाई ह्या घरच्या न्हाईत. तुमच्या आज्याच्या कुळाच्या लक्ष्म्या, आन् ह्या तुमच्या मायच्या माहेरच्या. परघरची बाई कशापायी हात लावंल?"

"मग तू सांग मायला."

"आन् सवाष्णीनं नेसवायच्या असत्यात. ह्यांचं काय खरं हाय?"

हे मीटरानं कापड मोजत होते, मोजतच राहिले. "तुझा इतका जीव का चाललाय? एक साडी नेसवायची ती."

पुरुष माणसांना हे सांगून काही उपयोग नसतो. पण ते आईजवळ बोलले असणार, कारण संध्याकाळी सासूबाईंनी मला बोलावलं. चिडलेल्या नव्हत्या.

"सवाष्ण न्हाई, परघरची हाय, सगळं खरं," म्हणाल्या. "पर ती सोता लक्षुमी हुती. लोकांनी तिला हात जोडल्यात. तिच्यापुढं मी काय नेम सांगू?"



लक्ष्म्या यायच्या दिवशी मावशीबाई आंघोळ करून, ओलेत्या केसांनी देवघरात आल्या. माझी राणी रंगाची साडी उचलली, दारातल्या उजेडात धरली आणि घडी करून बाजूला ठेवली. "चेहरा खातो हा कपडा," म्हणाल्या. "सगळा उजेड काठच घेऊन जातील. घरात जुनं इरकली लुगडं आहे का?"

सासूबाईंनी ट्रंकेतून स्वतःच्या लग्नातलं काढून दिलं. मळकट जांभळं, कडेला विरलेलं. मी म्हटलं, आता बघू काय करतात.

काय सांगू. हात कापत होते त्यांचे, टाचणी दोनदा खाली पडली, लेक उचलून देत होती. पण त्या लुगड्याला त्या बोटांची ओळख असावी असं ते ऐकत होतं. कोठीला त्यांनी आधी जुन्या धोतराच्या घड्या बांधून खांदे केले. मग कंबर केली. मग निऱ्या अशा सोडल्या, की वाटावं बाई आत्ताच चालत आली आणि थांबली. मी शेजारी कनिष्ठा नेसवत होते, हिरव्या साडीत. माझ्या निऱ्या एकसारख्या, पट्टीनं आखल्यासारख्या. इतकी वर्षं मला त्याचाच अभिमान. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, माझी लक्ष्मी म्हणजे कोठीला गुंडाळलेली साडी आहे.

मग मुखवटा चढवला. आणि तिथं त्यांनी एक केलं. आमच्याकडे मुखवटे सरळ दाराकडे बघणारे, येणाऱ्याजाणाऱ्यावर देवीची नजर पडायला पाहिजे. मावशीबाईंनी ज्येष्ठेची मान वळवली. खिडकीतला उजेड गालावर येईल अशी, धाकट्या बहिणीकडे बघणारी. हात काढून घेतला आणि दोन पावलं मागं सरल्या, माणूस चित्र बघतो तसं.

"मावशीबाई, वाकडी बसली," मी म्हटलं. मला बरं वाटलं, खरं सांगते. "आता हलवता यायची न्हाई."

"वाकडी?" त्यांना खरंच कळेना. "समोर बघितलं की चेहरा चपटा दिसतो गं. आणि बहीण शेजारी आली असता दाराकडे कोण बघतं?"

मी सासूबाईंकडे बघितलं. आता बोलतील. त्यांच्या हयातीत देवीची मान वळलेली नव्हती. त्या पाटावर बसल्या होत्या. ज्येष्ठेकडे बघून उठल्या. मग हळूच पाट उचलला आणि उजव्या बाजूला सरकवला, कनिष्ठेच्या पुढ्यात, जिथं थोरलीची नजर पडत होती तिथं. आणि तिथं बसल्या. तीन दिवस जेवायला उठल्या तेवढ्याच.

सगळं गाव आलं. कडा गावाहून नणंद आली, तिनं शेजारणींना बोलावून आणलं. पुरणपोळीचं कुणी काही बोललं नाही, सोळा भाज्या मी एकटीनं चिरल्या होत्या त्यांचं नाही. "ज्येष्ठा कुणी नेसवली?" एवढंच. आणि लेक मोठ्या ऐटीत सांगायची, "आमच्या मावशीआजीनं." हिरव्या साडीतल्या कनिष्ठेला बायका कुंकू लावायच्या आणि डोळे पलीकडे.

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या उतरवल्या. ज्येष्ठेची साडी नेसवणारीला मिळते, ही सासूबाईंचीच पद्धत. इतक्या वर्षांच्या त्या साड्या माझ्या पेटीत आहेत. त्या दिवशी सासूबाईंनी आपलं लग्नातलं लुगडं घडी करून मावशीबाईंच्या ओटीत घातलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

वर्षभर मी मावशीबाईंशी कामापुरतं बोलत होते. त्यांचा चहा वेळेवर, औषध वेळेवर, तक्रारीला जागा ठेवली नाही. त्याही जास्त बोलायच्या नाहीत. त्या वर्षात त्या खूप थकल्या. हाताचं कापणं वाढलं, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागे.

पुन्हा भादवा आला. सासूबाई गप्प. मीही विचारलं नाही. लक्ष्म्या यायच्या दिवशी दोघी बहिणी देवघराच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसल्या. टाचण्यांचा डबा मधे जमिनीवर. मावशीबाईंनी वाकून तो उचलायला बघितला, डबा हातातून सुटला, टाचण्या सगळीकडे.  मी खाली बसून त्या वेचल्या, वेचून झाल्यावर डबा माझ्याजवळच ठेवला आणि कामाला लागले.

इरकली मावशीबाईंनीच आणून दिलं होतं. मी आधी धोतराच्या घड्यांचे खांदे केले. त्यांच्यासारखे. चोरून बघितलेलं होतं मी सगळं. निऱ्या घातल्या, सोडल्या, मनासारख्या पडेनात, पुन्हा घातल्या. पाठीमागं त्या दोघींची नजर. कपाळावरचा घाम मी खांद्याला पुसत होते.

बऱ्याच वेळानं मावशीबाई बहिणीला म्हणाल्या, "हात चांगला हाय हिचा. आमच्या कंपनीत असती तर मालकानं सोडली नसती."

मी मान वर केली नाही. इतकी वर्षं जे ऐकायला कान लावून बसले होते, ते आलं तर हिच्या तोंडून आलं. मला रागच आला.

आणि तेवढ्यात सासूबाई फाडकन म्हणाल्या, "कंपनीत कशाला जाती? मंग माझं कोण करंल? एक गेली तेवढी पुरं."

मावशीबाई हसल्या. "घ्या. मी काय नेतेय का तुझ्या सुनेला आता? माझं मलाच उठवत न्हाई."

"नजर लई वाईट हाय तुझी. नको लावूस तिला."

हे थट्टेतलं नव्हतं. सासूबाईंचा आवाज चढलेला, ओठ घट्ट आवळलेले. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. वर्षभर मनातल्या मनात मी त्याच आवाजात बोलत होते.

मी मुखवटा उचलला. दोघी खुर्चीत पुढं सरकल्या. मान वळवायची का सरळ ठेवायची, हे दोघींना विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. मी विचारलं नाही. ज्येष्ठेचं तोंड दाराकडे केलं, सरळ, आमच्या घरच्या रीतीनं, आणि दाबून बसवलं.

"चपटी दिसती," मावशीबाई म्हणाल्या.

"दिसू दे," सासूबाई म्हणाल्या. "आगं, तिची टाचणी संपली बघ, तुझ्या पायाशी एक पडलीया. दे तिला."